‘गरम होऊन मुका होणारा’ पियानो: दांडिया बाजारातलं एक प्रकरण

पियानो ८८ पट्ट्यांचा, डिजिटल. आत तारा नाहीत. हातोड्या आहेत, पण त्या बोटांना वजन जाणवावं एवढ्यापुरत्याच. मालक कॅनडात. बडोद्यातल्या पुष्कळ घरांत हल्ली असंच असतं, भाचा किंवा पुतण्या तिकडे आणि त्याचं सामान इकडे. या भाच्याने जाताना सांगितलं होतं, “मावशी, क्लासला वापर, पडून राहिला तर खराब होईल.” मावशी म्हणजे दांडिया बाजारातल्या एका वाड्यात गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाई. सुरसागरच्या म्युझिक कॉलेजात शिकलेल्या, पेटीवर हात पक्का, पियानोशी मात्र संबंध कधीच आलेला नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांच्या गाण्यांना पेटीबरोबर पियानोही घ्यायचा असं ठरलं आणि कटकटी सुरू झाल्या. मला निरोप आला तोवर निदान होऊन गेलं होतं. पियानो गरम होतो आणि गरम झाला की मुका होतो. एका दुरुस्तीवाल्याने मुख्य बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलेलं, पार्ट बाहेरून मागवायचा, आणि खर्च इतका की त्यात दोन बऱ्यापैकी पेट्या याव्यात. बाईंचा प्रश्न एवढाच होता: करावा का हा खर्च?

तक्रारी एकूण चार होत्या. मध्येच मुका होतो, थोडी विश्रांती दिली की वाजतो. गरम झाला की सुरातूनही उतरतो. पेडल उलटं चालतं. आणि मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर लावला तर आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. या चारांपैकी एकही बिघाड नव्हता. पियानोत एक खरा बिघाड होता, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी यंत्र कसं चालतं ते

डिजिटल पियानोची पट्टी दाबली की लगेच आवाज होत नाही. आधी एक निरोप तयार होतो: कुठली पट्टी, किती वेगाने दाबली, कधी सोडली. हा निरोप आतल्या ध्वनिनिर्मितीच्या भागाकडे जातो, तिथे साठवलेला खऱ्या पियानोचा स्वर निवडला जातो आणि मग विजेच्या रूपातला आवाज तयार होतो. तो व्हॉल्यूमच्या नॉबमधून अँप्लिफायरला, अंगच्या स्पीकरला, हेडफोनला किंवा मागच्या आउटपुटला जातो. म्हणजे एका डब्यात दोन रस्ते आहेत. पट्टीपासून ध्वनिनिर्मितीपर्यंत निरोपाचा आणि तिथून पुढे आवाजाचा.

निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. १९८३ साली ती पक्की झाली आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर पहिल्यांदा एका केबलने जोडून दाखवले गेले. त्या भाषेत मधल्या सा-चा, म्हणजे पियानोच्या मधल्या पांढरी एकचा, क्रमांक ६० आहे आणि आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो. बाईंना मी सांगितलं, मिडी म्हणजे स्वरलिपीची वही समजा; वहीत बंदिश असते, गळा नसतो. त्यांना हे पटायला वेळ लागला नाही. गवई मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली ज्या गावात निघाली आणि ज्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली त्यांच्या गावात वही आणि गळा यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

या वाद्याच्या मागे पाच खाचा होत्या. अ‍ॅडॅप्टरची, चौकोनी यूएसबीची, पेडलची, आणि डाव्या-उजव्या आउटपुटच्या दोन, त्यातल्या डावीवर ‘एल/मोनो’ असं लिहिलेलं. समोर डाव्या कोपऱ्यात हेडफोनच्या दोन. चौकोनी यूएसबीतून या मॉडेलमध्ये फक्त निरोप जातो, आवाज जात नाही. हेडफोन आणि आउटपुटच्या खाचांतून आवाज, आणि पेडलच्या खाचेतून पायाचा निरोप. पण पेडल, हेडफोन आणि आउटपुट या तिन्हींची पिन एकाच मापाची, ६.३ मिलिमीटरची. कुठलीही पिन कुठेही बसते, आणि बसली म्हणजे बरोबरच बसली असं माणसाला वाटतं. बनवणाऱ्यांनी एवढं एक केलं नसतं तर माझ्यासारख्यांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

मुकेपणा

मी गेलो तेव्हा पियानो सुदैवाने मुकाच होता. सुदैवाने अशासाठी की चालू असलेल्या यंत्रात मधूनमधून होणारा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं.

अंगाला हात लावून पाहिलं, थंडगार. अ‍ॅडॅप्टर कोमट होता, तो तसा असतोच. त्यावर १२ व्होल्ट आणि दीड अँपिअर लिहिलेलं, वाद्याच्या मागे छापलेल्या आकड्यांशी जुळणारं, मधल्या टोकाचं चिन्हही तेच. एवढ्याशा विजेवर चालणारं यंत्र तासाभरात गरम होऊन बंद पडावं हे मुळातच अवघड.

व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर होता. हेडफोनच्या खाचा रिकाम्या होत्या. हे आधी बघायचं, कारण हेडफोनची पिन आत गेली की अंगचे स्पीकर बंद होतात, आणि कित्येकदा नुसता छोट्या पिनचा मोठा केलेला जोड खाचेत विसरलेला असतो. इथे तसं काही नव्हतं.

मग डेमोचं बटण दाबलं. पियानोने आपल्या आपण एक लांबलचक पाश्चात्त्य रचना खणखणीत वाजवायला सुरुवात केली. बाई दचकल्या, “अहो, हा तर वाजतोय!” मेट्रोनोम लावला, त्याची टकटकही स्पष्ट. पट्ट्या मात्र गप्प.

इथे बोर्डाचा प्रश्न जवळजवळ संपला होता. डेमो वाजतो म्हणजे ध्वनिनिर्मिती, अँप्लिफायर, स्पीकर, व्हॉल्यूम, म्हणजे आवाजाचा सगळा रस्ता सुरू आहे. खंड पडलाय तो पट्टी आणि ध्वनिनिर्मिती यांच्यामध्ये. ८८ पट्ट्या एकाच वेळी गेल्यात म्हणजे एखादी पट्टी किंवा तिच्याखालचा रबर दोषी असण्याची शक्यता कमी. आणि ज्या वाद्यात असा सरसकट खंड मुद्दाम पाडायची सोय दिलेली असते तिथे आधी ती सोय तपासायची. तिला लोकल कंट्रोल म्हणतात. तो बंद केला की पट्ट्यांचे निरोप केबलने बाहेर जातात, पण स्वतःच्या ध्वनिनिर्मितीला मिळत नाहीत.

मी विचारलं, “याला लॅपटॉप कोणी जोडतं का?”

क्लासमधली एक अकरावीतली मुलगी जोडायची. आठवड्यातून काही संध्याकाळी ती येऊन रेकॉर्डिंग करायची. तिला बोलावलं. तिने सांगितलं ते सगळं बरोबर होतं: सॉफ्टवेअर लावलं की प्रत्येक स्वर दोनदा ऐकू यायचा, एकदा पियानोचा स्वतःचा आणि किंचित मागून लॅपटॉपने परत पाठवलेला. तिने शोधलं, एका व्हिडिओत ‘लोकल ऑफ करा’ असं सांगितलेलं, फंक्शनचं बटण दाबून धरून एक ठराविक पट्टी दाबायची. तिने केलं, दुहेरी आवाज गेला, रेकॉर्डिंग छान झालं. काम संपल्यावर ती लॅपटॉप घेऊन घरी गेली आणि पियानोचे निरोप ऐकायला कोणी उरलं नाही. बाई येऊन बसल्या तर वाद्य मुकं.

आता विश्रांतीचं. या मॉडेलमध्ये ३० मिनिटं कोणी हात लावला नाही तर पियानो आपोआप बंद होतो, आणि बंद होऊन पुन्हा सुरू झाला की लोकल कंट्रोल मूळ जागी, म्हणजे चालूवर येतो. बाई कंटाळून उठायच्या, चहा व्हायचा, मुलांना पेटीवर एक पलटा घेऊन व्हायचा. तोवर पियानो झोपलेला असायचा. मग कोणीतरी बटण दाबायचं आणि सगळं सुरळीत. ‘थोडा थंड होऊ दिला की वाजतो’ हे निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. दरवेळी खरं ठरायचं. कारण तेवढं भलतंच होतं.

दुरुस्तीवाल्याला मी फार दोष देत नाही. त्याने आणलं तेव्हा पियानो प्लग काढून, गाडीत घालून नेलेला. दुकानात लावला तर वाजला. ‘इथे वाजतो, घरी वाजत नाही, तापल्यावर जातो’ असं ऐकून त्याने बोर्डातला सांधा सुटत असेल असा अंदाज केला. पण डेमोचं बटण न दाबता, लॅपटॉपबद्दल न विचारता बोर्डाची किंमत सांगणं हे मला मान्य नाही.

मुलीला मी लोकल ऑफ करू नको असं सांगितलं नाही. तिचं रेकॉर्डिंग त्याशिवाय नीट होत नाही. फक्त उठताना पियानो बंद करून पुन्हा लावायचा, एवढंच. दुसरा मार्ग असा की सॉफ्टवेअरमध्ये परत आवाज पाठवणं बंद करायचं आणि लोकल चालू ठेवायचं. पण तिला लॅपटॉपमधलेच आवाज हवे होते.

मुकेपणाची एक छोटी पोटतक्रारही निघाली. पियानो चालू असतानाही बाईंच्या हाताखाली मधलाच एखादा स्वर गायब व्हायचा, मुलीच्या हाताखाली कधी नाही. पेटीवर पट्टी हळुवार दाबली काय किंवा झटक्याने दाबली काय, स्वर तेवढाच. लहान-मोठं करायचं काम भात्याचं. पियानोच्या पट्टीखाली एकामागोमाग एक जुळणारे संपर्क असतात, आणि ते जुळण्यामधल्या वेळेवरून वेग मोजला जातो. अगदी सावकाश दाबलं तर वेग नाही, म्हणून स्वरही नाही. तारांच्या पियानोतही हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. बाईंची चाळीसेक वर्षांची नजाकत इथे त्यांच्या विरोधात काम करत होती. “याला भाता कुठाय?” असं त्यांनी विचारलंच होतं. भाता बोटांत आहे, हे उत्तर ऐकून त्या थोड्या नाराज झाल्या.

यावर ‘टच’ नावाची सेटिंग असते: लाइट, मीडियम, हार्ड आणि फिक्स्ड. फिक्स्ड केलं की कसंही दाबा, आवाज सारखाच. पेटीवाल्यांना ती फार सोयीची वाटते. मी ती लावू दिली नाही. त्याच वाद्यावर मुलंही शिकतात आणि फिक्स्डवर शिकलेला हात पुढे कुठल्याच पियानोवर चालत नाही. बाईंसाठी लाइट ठेवलं. शिवाय त्यांना ऑर्गनचा आवाज दाखवला. तो आघाताचा जोर बघत नाही, आणि पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर टिकतो. तिथे त्या पाच मिनिटांत रमल्या.

सूर उतरतो म्हणजे काय

‘गरम झाला की उतरतो’ हीही तक्रार त्याच मुलीपाशी पोचली, पण वेगळ्या बटणाने. तिने पियानो घरच्या घरी शिकलेला, पांढरी एकला सा धरूनच बोटं चालायची. बाईंच्या क्लासमधल्या मुली गातात काळी चारला. म्हणून ती ट्रान्स्पोज उणे चार करायची: दाबायची पांढरी एक, वाजायची खालची काळी चार. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची चौकट सरकवून जे करतात तेच इथे आकड्याने होतं. तिच्यामागून बाई येऊन काळी चार दाबायच्या तेव्हा निघायची पांढरी तीन. पट्टीवर बोट एक आणि कानात दुसरंच. असं वाद्य कुठला गवई सहन करील? पियानो बंद होऊन सुरू झाला की ट्रान्स्पोजही शून्यावर. म्हणजे विश्रांतीनंतर तो ‘सुरात’ही यायचा, आणि गरम होण्याच्या सिद्धांताला आणखी एक पुरावा मिळायचा.

हे काढल्यावरही पेटी आणि पियानो पूर्ण जुळत नव्हते. बाईंची पेटी जुनी, थोडी चढी. पियानो मध्यसप्तकातल्या पांढरी सहाला ४४० हर्ट्झ धरतो. दोन्हींवर काळी एक एकदम वाजवली की स्वर डोलत होता, सेकंदाला साधारण अडीच ठोके. ठोक्यांची संख्या म्हणजेच दोन स्वरांमधला हर्ट्झचा फरक. पेटीचे स्वर दरवेळी बदलून लावता येत नाहीत. पियानोची ट्यूनिंग बटणांनी सरकते, म्हणून पियानोने पेटीकडे जायचं. पियानोचा आवाज विरत जातो, त्यावर ठोके मोजता येत नाहीत, म्हणून ऑर्गन लावला, त्यातला कंप बंद केला आणि डोलणं थांबेपर्यंत बाईंच्या कानाने सरकवत गेलो. आकडा ४४४ वर थांबला. ही सेटिंग या मॉडेलमध्ये बंद केल्यावरही टिकते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यालाही मग तेवढंच चढवावं लागलं, नाहीतर भांडण एका घरातून दुसऱ्या घरात गेलं असतं.

बाईंचा एक आक्षेप मात्र राहिलाच: गंधार कडू लागतो. तो लागणारच. समान भागांच्या सप्तकातला शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. बऱ्याच डिजिटल पियानोंत टेंपरामेंट, म्हणजे सप्तकातली स्वरांची अंतरं, बदलायची सोय असते. सा कुठला ते सांगितलं की शुद्ध अंतरांचं सप्तक मिळतं. मी ती वापरली नाही. पेटी स्वतःच समान भागांची आहे, मग पियानो गोड आणि पेटी कडू असे दोन गंधार एकाच वेळी वाजले असते. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पेटीचा कडूपणा सवयीचा झालाय, याचा व्हायचाय.”

पेडल

पेडल दाबलं की स्वर तुटायचे, सोडलं की घुमत राहायचे. पेडल भाच्याच्या जुन्या कीबोर्डचं, दुसऱ्या कंपनीचं. काही पेडलांत पाय नसताना सर्किट जुळलेलं असतं, काहींत तुटलेलं. पुष्कळ वाद्यं सुरू होताना ते तपासून घेतात आणि ‘आत्ता जे आहे ते म्हणजे पाय वर’ असं धरून चालतात. इथे पिन चालू वाद्यात खुपसली जायची. बंद केलं, पिन घातली, पाय लांब ठेवून सुरू केलं, सुलट. काही पेडलांच्या पोटाला यासाठी छोटा स्विचही असतो, याला नव्हता.

हॉलमधला पोकळ आवाज

हॉलमध्ये मंडळाचे नेहमीचे साउंडवाले भाई होते, गुजराती, कामाला चोख. “एमां शुं, हेडफोनमांथी लई लईए,” असं म्हणून त्यांनी हेडफोनच्या खाचेतून एक केबल थेट मिक्सरला नेली होती. दोन्ही टोकांना तीन भागांची पिन असलेली चांगली जाड केबल. आवाज आला, पण कोणीतरी शेजारच्या खोलीत वाजवतंय असा. बाईंना वाटलं स्पीकर खराब, भाईंना वाटलं पियानो खराब. मिक्सरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाज, वाढवला तर माइक शिट्ट्या मारायला लागले.

केबल चांगली होती हीच अडचण. हेडफोनच्या पिनेच्या तीन भागांत टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मागे ग्राउंड, म्हणजे दोन्हींची सामाईक परतीची वाट. मिक्सरची संतुलित खाच तशाच पिनेकडून वेगळी अपेक्षा करते: टोकावर आवाज आणि कड्यावर त्याच आवाजाची उलटी प्रत. ती टोकातून कडं वजा करते, म्हणजे वाटेत दोन्हींवर सारखी चढलेली घरघर गळून पडते. संतुलित जोडणीचं सगळं कौतुक याच वजाबाकीसाठी आहे. पण तिथे हेडफोनचा आवाज दिला की डाव्यातून उजवा वजा होतो. दोन्हींत जे सारखं आहे ते संपतं आणि फक्त फरक उरतो. पियानोच्या आवाजाचा भरीव गाभा दोन्हींकडे बराचसा सारखा असतो, आणि हॉलचा कृत्रिम घुमारा दोन्हींकडे वेगवेगळा. म्हणून गाभा गेला आणि घुमारा राहिला.

खात्री करायला इलेक्ट्रिक पियानोचा, डावी-उजवी सारखीच असलेला एक साधा आवाज लावला. तो जवळपास नाहीसाच झाला. भाईंनी स्वतः ते ऐकलं, मग त्यांना समजवायला काही उरलं नाही. ते मिक्सरच्या दुसऱ्या टोकाला पोचलेसुद्धा होते.

उपाय पियानोच्या मागेच होता. ‘एल/मोनो’ खाचेत एकच साधी दोन भागांची पिन घातली की वाद्य डावं-उजवं आतच मिसळून देतं. उजव्या खाचेतही पिन घातली तरच ती दोन वेगळी होतात. गावच्या हॉलमध्ये दोन बाजूंच्या आवाजाचा कोणाला उपयोग नाही, अर्ध्या लोकांना अर्धा पियानो ऐकू येतो. म्हणून मोनो. ज्या वाद्याला मागे आउटपुट नसतं आणि हेडफोनच असतो त्याला एका टोकाला तीन भागांची आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या पिना असलेली केबल लावून दोन चॅनेल द्यावेत.

आणखी एक फायदा झाला. मागच्या आउटपुटात पिन घातली तरी या मॉडेलचे अंगचे स्पीकर बंद होत नाहीत. आधी हेडफोनची पिन असताना मुलीला स्टेजवर स्वतःचं काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून ती पट्ट्या बडवायची. आता ती सावरली.

मिक्सर स्टेजपासून लांब होता. साधी दोन भागांची केबल पाच-सहा मीटरपलीकडे नेली की घरघर गोळा करते, म्हणून भाईंकडचा डीआय बॉक्स, म्हणजे साध्या केबलचा आवाज संतुलित करून देणारी डबी, मधे घातला आणि तिथून पुढे माइकच्या केबलने नेलं. पियानोचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवून मिक्सरवर गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती मोठा करायचा ते, हळूहळू वाढवला. उलट केलं, म्हणजे पियानो बारीक आणि गेन मोठा, तर सुस्कारा वाढतो. आणि आउटपुट थेट माइकच्या पातळीच्या खाचेत घातलं असतं तर आवाज फाटला असता; डीआय ती पातळीही उतरवून देतो.

सरावात लॅपटॉप जोडला तेव्हा एक गुणगुण सुरू झाली. चार्जर काढल्यावर गेली. लॅपटॉप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर, यूएसबीच्या केबलमधून दोन्हींच्या अर्थिंगचा फेरा पूर्ण होत होता. कार्यक्रमात लॅपटॉप नकोच होता, सरावाला तो बॅटरीवर चालवला. यापेक्षा जास्त त्यात शिरायची गरज नव्हती.

आपोआप बंद होणं मात्र आठवणीने रद्द केलं. भाषणं लांबली की पियानो तासभर नुसता उभा असतो.

जो बिघाड कोणी सांगितला नव्हता

लॅपटॉप जोडलेलाच होता म्हणून मी निरोप जसेच्या तसे दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर लावलं आणि मुलीला खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या मध्यम हाताने वाजवायला सांगितलं. आकडे ५५, ६०, ५८, ६३ असे येत गेले. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहावर, म्हणजे क्रमांक ६९ वर, १२७. पुन्हा हळू दाबली, १२७. कुरवाळली, तरी १२७.

ही पट्टी दरवेळी पूर्ण जोराने वाजत होती. हा पट्टीचा दोष आहे हे कोणाला कळलं नव्हतं, कारण मुलीला वाटायचं आपलाच हात जड पडतोय. बाई तिला त्या स्वरावर नेहमी ‘आदळू नकोस’ म्हणायच्या. पट्टीखालचे संपर्क काजळी लावलेल्या रबराचे असतात. त्यांत धूळ किंवा केस अडकला की दोन संपर्कांमधल्या वेळेचं माप चुकतं, आणि स्वर एकतर येतच नाही किंवा कानठळ्या बसवतो. ट्रान्स्पोज, लोकल, टच, कशानेही हे सुटत नाही. टच फिक्स्ड केला असता तर मात्र झाकलं गेलं असतं, आणि वर्षभर कोणाला पत्ता लागला नसता.

गणपतीआधी वाद्य उघडायची जोखीम घ्यायची नाही असं ठरवलं. मुलीने दोन गाण्यांत त्या स्वराची जागा वरच्या सप्तकात नेली. बाईंनी त्यासाठी एका ओळीची संगत बदलून दिली, आणि खरं सांगायचं तर ती आधीपेक्षा चांगली झाली. अनंत चतुर्दशीनंतर पियानो त्याच दुरुस्तीवाल्याकडे पाठवला, यावेळी चिठ्ठीसह: बोर्डाला हात लावू नये, क्रमांक ६९ आणि शेजारच्या पट्ट्यांखालची रबराची पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, रबर फाटलेलं असल्यास तेवढंच बदलावं. त्याने पुसलं. रबर शाबूत निघालं.

परत आल्यावर मुलीने तेच सॉफ्टवेअर लावून पाहिलं. हळू दाबल्यावर ३१, जोरात १०८. तिने पडद्याचा फोटो काढून भाच्याला कॅनडात पाठवला, आणि त्याचं उत्तर आलं की ती पट्टी त्याच्या वेळीही तशीच होती.